मदत हवी आहे : पाहुण्यांच्या आचाऱ्यासाठी स्वयंपाकघर कसे सज्ज करावे?

ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वाराजवळचे आमचे चार खोल्यांचे घर आम्ही पर्यटकांना भाड्याने देतो. पुढच्या आठवड्यात येणारे बारा पाहुणे नागपूरहून स्वतःचा आचारी आणणार असून, सावजी रस्सा आणि पालथ्या मडक्यावरच्या लांब पोळ्या असा त्यांचा बेत आहे. आमची शेगडी दोन बर्नरची, त्यातही एक मंद जळतो आणि मोठा गंज ठेवला की डगमगतो. अंगणात चूल मांडावी, तर धूर थेट खोल्यांत शिरतो. संध्याकाळी विजेचा दाब इतका उतरतो की मिक्सर नुसताच घुरघुरतो. पाटा-वरवंटा आहे, पण शहरातला आचारी वाटण वाटेल का, देव जाणे! १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर आणि भट्टी आम्हीच आणावी, की आचाऱ्याने? त्याला आधी काय काय विचारून घ्यावे, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.