आईचा काचबिंदू आणि ब-३ जीवनसत्त्वाच्या गोळ्या: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आई ६७ वर्षांची. चष्म्याचा नंबर काढायला गेली तेव्हा दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. डोळ्यातला दाब २८ होता. आता रात्री लॅटानोप्रोस्ट आणि दोन वेळा टिमोलॉल हे थेंब घालून १५-१६ असतो. तरी गेल्या फील्ड टेस्टमध्ये (नजरेचा आवाका मोजणाऱ्या तपासणीत) उजव्या डोळ्यापुढचा काळा भाग वाढलेला दिसला. दाब आटोक्यात असूनही डोळ्याची नस सुकतेय म्हटल्यावर ती फार खचली.

तेवढ्यात मामेभावाने अमेरिकेहून ब-३ ची बाटली पाठवली, ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या, 'रोज सहा घे' म्हणून. सहा कुठून आल्या ते शोधलं. ब-३ ने काचबिंदूत डोळ्याची नस वाचते का, यावर २०१७ मध्ये उंदरांवरचं संशोधन आलं होतं. मग २०२० मध्ये मेलबर्नच्या डॉक्टरांनी ५७ रुग्णांना आधी रोज दीड ग्रॅम, नंतर ३ ग्रॅम निकोटिनामाइड (ब-३ चाच एक प्रकार) दिलं, थेंब चालू ठेवूनच. काही जणांच्या दृष्टिपटलाचा प्रतिसाद सुधारला. पण औषध जेमतेम १२ आठवडे दिलं होतं आणि दाबात फरक पडला नाही. म्हणजे हे थेंबांच्या जागी घ्यायचं नाहीच, आणि आई नेमकं तेच म्हणतेय: "थेंबांनी डोळे चुरचुरतात, आता गोळ्याच घेते." मला त्याचीच धास्ती आहे.

दुसरं, बाटलीवर 'नायासिन' लिहिलंय. अभ्यासातलं निकोटिनामाइड म्हणजे नायासिनामाइड. नायासिन आणि हे, दोन्ही ब-३ च, पण नायासिनच्या मोठ्या डोसने अंग लाल होऊन भाजल्यासारखं होतं, साखरही वाढते. आईला मधुमेह आहे. बाटली मी कपाटात ठेवून दिली आहे.

निकोटिनामाइडसुद्धा ३ ग्रॅम म्हणजे लहान डोस नव्हे. आपल्याकडच्या काही बी-कॉम्प्लेक्स कॅप्सूलमध्ये ते १०० मिलिग्रॅम असतं. एवढ्या डोसने यकृतावर ताण येऊ शकतो आणि आईचं एसजीपीटी (यकृताच्या रक्ततपासणीतला आकडा) आधीच थोडं वर आहे.

कुणाच्या घरी काचबिंदूसाठी डॉक्टरांनी स्वतः निकोटिनामाइड लिहून दिलंय का? किती डोस, आणि एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) किती दिवसांनी करायला सांगितली? मिथाइलकोबालामिन (ब-१२) आईला डॉक्टरांनीच दिलंय. त्याच्या जोडीने हे चालतं का?

पुढच्या मंगळवारी तपासणी आहे. ओपीडीत पाच मिनिटंसुद्धा मिळत नाहीत, म्हणून काय काय विचारायचं ते आजच कागदावर लिहून ठेवतेय. आणि थेंब चुकवू नकोस हे आईला न दुखावता कसं पटवायचं, तेही कुणी अनुभवाने सांगितलं तर फार बरं होईल.