जर्मनीहून आणलेला ग्रो टेंट माळ्यावर पडलाय, पुण्यात त्यात काय लावू?

बर्लिन_ते_बावधन
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय आणि जरा लांबण लागणारे, सांभाळून घ्या. चार वर्षं जर्मनीत होतो, मार्चमध्ये कायमचा परत आलो. तिकडे १ एप्रिल २०२४ पासून सज्ञान माणसाला घरी गांजाची तीन झाडं लावायची कायद्यानेच मुभा आहे, मग काय, ऑफिसमधल्या निम्म्या लोकांनी घरात झाडं वाढवायचे हे बंद टेंट घेतले तसा मीपण घेतला. ६० बाय ६० सेंटीमीटर, उंची १४०, आत १०० वॅटचा पांढरा एलईडी, चार इंची एक्झॉस्ट पंखा आणि टायमर. लावायचो ऑटोफ्लॉवर जात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गांजाचं नेहमीचं झाड रात्र मोठी व्हायला लागली की फुलावर येतं, ऑटोला दिवस-रात्रीचं काही पडलेलं नसतं, वय झालं की आपणहून फुलतं आणि अडीच-तीन महिन्यांत विषय संपतो.

इथे ते करायचं नाहीये. बी आणलेलं नाही आणि कुणाकडे मागतही नाहीये, त्यामुळे कृपया इनबॉक्समध्ये येऊ नका. पण सामान चांगलं आहे, फेकवत नाही. बाल्कनीसमोर दुसरी बिल्डिंग आहे, ऊन दिवसाला जेमतेम तासभर. तर असं काय आहे जे ऑटोसारखंच दिवस-रात्रीची भानगड न करता फुलेल, तीन महिन्यांत हाताला लागेल आणि खाता येईल? आई म्हणते तुळस लाव. तुळशीसाठी शंभर वॅट म्हणजे जरा जास्तच होतं.

उगाच_एक
अरे एकच झाड लाव की, टेंटची चेन बंद, कुणाला कळतंय :)

कलम_कागद
वरच्या भाऊंनी गमतीत लिहिलंय पण इथे नवीन पोरं वाचतात म्हणून सांगतो. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा १९८५ चा. कलम ८ मध्ये लागवडीला बंदी आणि कलम २० मध्ये लागवडीची शिक्षा, १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. आणि त्यात झाडाची व्याख्या कॅनबिस वंशातलं कुठलंही झाड अशी आहे, म्हणजे ऑटो असो, नर असो, मादी असो, कायद्याला सगळं सारखं. "थोड्या मालाला थोडी शिक्षा" हा जो प्रकार लोक ऐकून असतात तो जवळ सापडलेल्या मालाच्या वजनाचा, लागवडीच्या कलमात एक झाड की दहा असा हिशोबच नाही.

दुसरं नेहमीचं, "भांग तर चालते ना". गांजाच्या व्याख्येतून नुसती पानं आणि बिया बाहेर ठेवल्यात, फुलोऱ्याच्या शेंड्यांशिवाय असतील तर. म्हणून भांगेचा विषय वेगळा. झाड लावायला त्याने परवानगी मिळत नाही. आणि भाड्याचा फ्लॅट असेल आणि मालकाला ठाऊक असून त्याने चालू दिलं तर कलम २५ खाली तोपण अडकतो. उत्तराखंडात २०१८ पासून जे चाललंय ते लायसन्सवालं, धाग्यासाठीचं हेंप, म्हणजे कमी नशेची गांजाची जात. बावधनमध्ये तसलं काही नाही. झालं, आता टोमॅटोकडे वळा.

कुंडीतलं_शेत
टोमॅटोच! मी लिहिणारच होते :) तुझ्या टेंटला मायक्रो टॉम जातीचा टोमॅटो अगदी फिट बसेल. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाने १९८९ मध्ये काढलेली जात आहे, झाड वीतभर, फार तर १५-२० सेंटीमीटर, आणि इतकं पटकन फळावर येतं की जगभरच्या लॅबमध्ये प्रयोगाला हेच वापरतात. टोमॅटोला दिवस किती लांब आहे याचं काही पडलेलं नसतं, तुझ्या ऑटोसारखंच. पेरल्यापासून अडीच-तीन महिन्यांत पिकलेली फळं.

पण ऑटोच्या सवयी जशाच्या तशा इकडे आणू नकोस. पहिली म्हणजे लाईट. ऑटोवाले वीस तास, काही तर चोवीस तास लाईट ठेवतात ना, टोमॅटोला तसं केलंस तर पानं पिवळी पडून झाड आजारी दिसायला लागेल, त्याला रोजचा अंधार लागतोच. सोळा तास चालू, आठ तास बंद. दुसरी, तुम्ही लोक बी थेट शेवटच्या कुंडीत टाकता कारण कुंडी बदलताना झाड थबकलं तर गेलेले दिवस परत मिळत नाहीत. टोमॅटोचं उलट आहे, आधी छोट्या कपात रोप कर आणि मोठ्या कुंडीत हलवताना खोड दोन बोटं मातीत गाड, गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात. दोन लिटरची कुंडी पुरे. बगलफुटी (पानाच्या बेचक्यातून येणारे फुटवे) काढत बसू नकोस, ही जात मुळात झुडुपासारखीच वाढते.

आणि हो, टेंटमध्ये वारा नाही. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर फळ धरतं पण त्याला कुणीतरी हलवावं लागतं. बॅटरीचा टूथब्रश फुलाच्या देठाला मागून दोन सेकंद लावायचा, पिवळी धूळ उडताना दिसते. नवरा अजून हसतो मला. हसूदे.

वाईचा_पाव्हणा
स्ट्रॉबेरी का नाही? महाबळेश्वर दोन-अडीच तासांवर, रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरात हवी तेवढी मिळतात.

कुंडीतलं_शेत
मिळतात, पण विंटर डॉन, स्वीट चार्लीसारख्या ज्या आपल्याकडे लावतात त्या लहान दिवसाच्या जाती. थंडी आणि लहान दिवस आला की फुलणाऱ्या. याच्या टेंटमध्ये सोळा तासांच्या उजेडात ठेवल्या तर फुलं सोडून नुसते धुमारे पळवत बसतील. एकतर लाईट दहा-अकरा तासांवर आणायचा, नाहीतर अल्बियनसारखी दिवसाची पर्वा न करणारी जात शोधायची. आणि पुण्यातल्या बंद खोलीत एप्रिल-मे मध्ये स्ट्रॉबेरी म्हणजे हाल आहेत, तिचे आणि आपले. शेवंतीपण हीच गोष्ट, म्हणून तर पॉलिहाऊसवाले रात्री बल्ब लावून तिला झुलवत ठेवतात आणि नंतर काळं कापड ओढून फुलवतात. केशराचं कुणी सुचवायच्या आत सांगते, त्याला एसी लागतो आणि कंदांचा खर्च बघून टेंट माळ्यावर परत चढेल.

तापकीर_गल्ली_फॅन
लाईटबद्दल कुणी बोलेना म्हणून. जर्मन प्लग आपल्या पाच अँपिअरच्या सॉकेटात कसाबसा जातो पण ढिला बसतो आणि अर्थिंग लागत नाही, आत पाणी असणाऱ्या पत्र्याच्या फ्रेमजवळ हे नको. प्लग कापून आपला तीन पिनी लावून घे, तापकीर गल्लीत कुणीही पाच मिनिटात करून देईल, व्होल्टेज दोन्हीकडे २३० च आहे त्यामुळे बाकी काही बदलायची गरज नाही. बिलाचा हिशोब साधा, १०० वॅट गुणिले १६ तास म्हणजे रोजचं १.६ युनिट, महिन्याला ४८, वर पंखा वेगळा. तू आत्ता शंभर युनिटच्या जरा आत असशील तर या ४८ ने वरच्या स्लॅबमध्ये जाशील, तिथे चिमटा बसतो.

टायमर काट्याचा असेल तर गुरुवारी मेंटेनन्सला लाईट गेली की तेवढे तास तो मागे पडतो. टोमॅटोला चालून जाईल, शेवंतीला नसतं चाललं.

अजून एक, लाईट रात्री चालव. संध्याकाळी सहा ते सकाळी दहा. शंभर वॅट म्हणजे शेवटी शंभर वॅटची उष्णताच, दुपारी खोली आधीच तापलेली असताना त्यात भर घालू नको. पारा बत्तीस-तेहतीसच्या वर राहिला की टोमॅटोचा पराग निकामी होतो, फुलं येतात आणि गळतात, मग टूथब्रश घेऊन कितीही आरती केलीस तरी काही नाही.

बर्लिन_ते_बावधन
खूप खूप आभार, टोमॅटो फायनल. बियाणं मागवलंय. कोकोपीट वापरू का माती? आणि पाणी? आमच्याकडे कॉर्पोरेशनचं अर्धं आणि बोअरचं अर्धं असं मिसळून येतं, बादलीला पांढरी पुटं चढतात. आरओचं देऊ का?

मिरचीबहाद्दर
कोकोपीट आणि गांडूळखत, पण कोकोपीट दोनदा धू, त्यात मीठ असतं. जीवामृत (शेण-गोमूत्राचं खत) वगैरे फ्लॅटमध्ये नको, वास राहूदे, चिलटं होतात आणि मग ती स्वयंपाकघरात केळ्यांवर येऊन बसतात. नुसतं आरओ देऊ नको, त्यात कॅल्शियमच नसतं. बोअरच्या क्षारांनापण वैतागू नको, अर्धं अर्धं कर. पावसाळ्यात एक्झॉस्ट बंद ठेवायचा नाही, बाहेरच ऐंशी-नव्वद टक्के दमट असतं, आत हवा थांबली की पानांवर भुरी. एक कुंडी लवंगी मिरचीची पण ठेव माझं ऐकून.

आज्जीची_गच्ची
आमच्या सोसायटीत एकाने असाच काळा तंबू हॉलमध्ये उभा केला, खालून जांभळा उजेड दिसायचा, सेक्रेटरी थेट दोन जणांना घेऊन वर. आत काय तर पालक आणि लेट्यूस. तरी पुढे महिनाभर लिफ्टमध्ये सगळे त्याच्याकडे बघून घसा खाकरायचे. तुझा एलईडी पांढरा आहे ते बरं आहे. पण मी म्हणते आधीच शेजाऱ्यांना बोलावून दाखव, चहा पाज.

बर्लिन_ते_बावधन
नऊ आठवड्यांनंतरचा रिपोर्ट. चार झाडं मायक्रो टॉमची, एक लवंगी. चहा पाजला, शेजारच्या काकूंनी आत डोकं घालून "एवढाच?" असं म्हटलं. फळं हिरवी आहेत, मोजली तर सदतीस, दोन पिवळी व्हायला लागलीत. टूथब्रशने खरंच पराग उडतो, बघत बसावंसं वाटतं.

आता कबुली. मिरचीबहाद्दरांनी सांगूनही मी पहिले पाच आठवडे शुद्ध आरओच दिलं, स्वच्छ पाणी म्हणजे चांगलं पाणी असं डोक्यात बसलेलं. पहिल्या सहा फळांचा बुडखा काळा आणि आत दबलेला. मला वाटलं रोग आहे, कडुनिंबाचं तेल मारलं, तेही लाईट चालू असताना, दोन पानं करपली. मग अर्धं बोअरचं पाणी सुरू केलं आणि पाणी रोज एकाच वेळी द्यायला लागलो, नंतरच्या फळांना डाग नाही. ऑटोच्या वेळेस अख्खा वीकेंड पीएच मोजण्यात घालवायचो आणि इथे बोअरच्या पाण्याने काम केलं.

एकच शंका, वरच्या पानांच्या कडा होडीसारख्या वर वळल्यात, रंग मात्र हिरवागार. मिरचीचं काही नाही, ती खूश आहे.

कुंडीतलं_शेत
लाईट किती उंचावर आहे? वीतभर असेल तर जवळ होतोय. दीड फुटावर घे नाहीतर डिमर साठ टक्क्यांवर आण, नवीन पानं दोन-तीन दिवसांत सरळ येतील. वळलेली तशीच राहतील, ती तोडू नकोस. ती दोन पिवळी पूर्ण लाल झाल्याशिवाय खाऊ नकोस, मी घाई केली होती, आंबट ढॅण लागतात.