एडीएचडीवर ब्राह्मीचा अर्क: औषध म्हणावं इतका पुरावा आहे का?

आघाडा:
एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अति चंचलता) असलेल्या मुलांसाठी ब्राह्मीच्या गोळ्या-सिरप ‘डॉक्टरी गोळ्यांना पर्याय’ म्हणून विकली जातात. माझं म्हणणं: आजच्या पुराव्यावर हा दावा टिकत नाही. नेहमी पुढे केला जातो तो २०१४ चा अभ्यास: ६ ते १२ वयाची ३१ मुलं, रोज २२५ मिग्रॅ प्रमाणित अर्क, सहा महिने. लक्ष, बेचैनी, सगळंच सुधारलं. पण प्लासिबोचा, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचा, गटच नव्हता. सहा महिन्यांत मूल वाढतं, वर्गात रुळतं आणि प्रश्नावली भरणाऱ्याला औषध चालू असल्याचं ठाऊक असतं. पुढे ऑस्ट्रेलियात ६ ते १४ वयाच्या ११२ मुलग्यांवर १४ आठवड्यांची प्लासिबोसह चाचणी झाली. अर्क लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेने विकसित केलेला. चंचलता आणि लक्ष यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

पाणकणीस:
अर्धंच सांगितलंत. त्याच चाचणीत चुकांचं प्रमाण, विचारांची लवचिकता आणि झोप सुधारली होती. एडीएचडीचं नेहमीचं औषध मिथाइलफेनिडेट तासाभरात काम सुरू करतं, ब्राह्मीचं तसं नाही; मोठ्या माणसांच्या चाचण्यांतही स्मरणावरचा परिणाम साधारण १२ आठवड्यांनी मोजतात. म्हणजे १४ आठवडे ही जेमतेम सुरुवात. शिवाय चरकाने अपस्मारात (फिट्समध्ये) सांगितलेलं ब्राह्मीघृत वेगळं: ब्राह्मीचा स्वरस (ताजा रस), वेखंड, कोष्ठ ही औषधी मुळी, शंखपुष्पी आणि जुनं तूप. कोरड्या अर्कावरून त्याचा निकाल कसा लावता?

आघाडा:
लावत नाही. पण दहा-वीस मापं घेतली की दोन-चार योगायोगानेही सुधारलेली दिसतात. त्यावरून पुढची चाचणी आखावी, बाटलीवरचा दावा छापू नये. आणि वेखंडाचा विषय काढलात म्हणून: भारतीय वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन हे घातक रसायन भरपूर असतं. उंदरांमध्ये गाठी झाल्याने अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंड अन्नात वापरायला बंदी घातली. आपल्याकडे ते बाळगुटीतही उगाळतात. लहान मुलाला सहा महिने रोज द्यायचं तर आधी बीटा-असारोन मोजायला हवं.

खलबत्ता:
दोघंही गृहीत धरताय की पुडीत ब्राह्मीच आहे. बऱ्याच ठिकाणी ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णी मिळते, कोकणातला कारिवणा. ताजी असेल तर ओळखणं सोपं: ब्राह्मीचं पान नखाएवढं, जाडसर, मांसल आणि जवळजवळ बिनदेठाचं, मंडूकपर्णीचं गोल, कडा दातेरी, देठ लांब. भुकटी झाली की डोळ्यांना काही कळत नाही, तिथे क्रोमॅटोग्राफीच (घटक वेगळे करून ओळखणारी प्रयोगशाळेतली तपासणी) हवी. मंडूकपर्णीत ब्राह्मीचे मुख्य घटक, बॅकोसाइड, नसतात; तिचं स्वतःचं एशियाटिकोसाइड असतं.

लेबलवरच्या ‘५० टक्के बॅकोसाइड’वरही विसंबू नका. मापन कोणत्या पद्धतीने केलं ते विचारा. यूव्हीवर, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या ढोबळ मापनात, इतर सॅपोनिनही (बॅकोसाइडसारखी संयुगं) मोजली जातात. तोच अर्क एचपीएलसीवर, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या क्रोमॅटोग्राफीवर, अनेकदा निम्म्याहून कमी भरतो.

सगळ्यात महत्त्वाचं शिसं. ब्राह्मी दलदलीत, नाल्याकाठी वाढते आणि जड धातू शोषून घेते. आयुर्वेदिक औषधांत शिशाची मर्यादा १० पीपीएम (ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅम) आहे. या मर्यादेत बसणारी ३ ग्रॅम भुकटी रोज घेतली तर ३० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसं पोटात जाऊ शकतं. एफडीए या अमेरिकी अन्न-औषध नियामकाचा मुलांसाठीचा संदर्भ-आकडा आहे दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम. शिसं स्वतःच मुलांची एकाग्रता बिघडवतं. २२५ मिग्रॅ अर्कात, तोही मर्यादेच्या काठावर असला, तर २.२५ मायक्रोग्रॅम येतं. म्हणून भुकटीपेक्षा अर्क बरा, आणि तोही त्या बॅचचा धातू-अहवाल पाहूनच.

पाणकणीस:
शिशाचं मान्य, अहवालाशिवाय मीही देणार नाही. पण वनस्पतीपासून औषध होतच नाही असं नाही. २०१८ मध्ये अमेरिकेने गांजाच्या झाडातलं कॅनाबिडिऑल हे रसायन ड्राव्हे सिंड्रोमच्या (लहानपणी सुरू होणाऱ्या तीव्र अपस्माराच्या) झटक्यांसाठी मंजूर केलंच ना?

आघाडा:
केलं, पण कसं ते पाहा. एकच शुद्ध रेणू, १ मिलिलिटरमध्ये १०० मिग्रॅ. १२० मुलं आणि तरुण, दिवसाला किलोमागे २० मिग्रॅ, १४ आठवडे. महिन्याचे झटके १२.४ वरून ५.९ वर आले, प्लासिबोत १४.९ चे १४.१. त्यातच कळलं की फिट्सच्या इतर औषधांपैकी क्लोबाझामसोबत गुंगी वाढते आणि व्हॅल्प्रोएटसोबत यकृताची एन्झाइम्स चढतात. ब्राह्मीचा अर्कही प्रयोगशाळेत सीवायपी२सी१९ सारख्या, औषधं मोडून टाकणाऱ्या यकृतातल्या एन्झाइम्सना अडवतो. मुलांत ते किती घडतं हे मोजल्याशिवाय फिट्सची औषधं चालू असलेल्या मुलाला तो परस्पर देऊ नये.

खलबत्ता:
कोणी तज्ज्ञाच्या सल्ल्याने देतच असेल तर जेवणानंतर द्या. रिकाम्या पोटी मळमळ, पोटात मुरडा आणि वारंवार शौच होते. सोबत दुसरं नवीन काही सुरू करू नका, नाहीतर बदल कशाने झाला ते कळणार नाही. सुरू करण्याआधी आणि १२ आठवड्यांनी शिक्षकांकडून तीच प्रश्नावली भरून घ्या, आणि काय चालू आहे ते त्यांना सांगू नका.