प्रतिकारक पेशी ‘शांत’ करणारे नॅनोकण : दाबणे, शमवणे की वळवणे?

परळकर : मेंदूला मार लागलेल्यांच्या नातेवाइकांना द्यायच्या माहितीपत्रकात ‘नॅनोकण प्रतिकारशक्ती दाबून मेंदूचे रक्षण करतात’ असं वाक्य आहे. ‘दाबून’ चालेल का? आणि नॅनोला ‘अब्जांश’ लिहावं का?

गिरगावकर : ‘दाबून’ नको. किडनी बदललेल्यांच्या गोळ्यांसाठी तो शब्द रुळलाय, माणसं लगेच संसर्गाला घाबरतात. इथे घडतं वेगळंच. डोक्याला मार बसला की रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशी मेंदूत शिरून सूज वाढवतात. साधारण ५०० नॅनोमीटरचे, ऋणभार असलेले पीएलजीए या शरीरात विघटन होणाऱ्या पॉलिमरचे कण शिरेतून दिले, तर या पेशी पृष्ठभागावरच्या ‘मार्को’ या ग्राहीने (कण पकडणाऱ्या रेणूने) ते उचलतात, पोटातल्या प्लीहेकडे (स्प्लीन) जातात आणि तिथेच मरतात. कणांना मेंदूत शिरावंच लागत नाही. म्हणून ‘वळवणे’.

मुलुंडच्या वैद्य : सहमत. आयुर्वेदात शमन म्हणजे दोष बाहेर न काढता जागेवर बसवणं. पेशी प्लीहेत नेऊन संपवणं त्यात बसत नाही. मात्र मेंदूतच राहणाऱ्या, चिथावलेल्या मायक्रोग्लिया या प्रतिकारक पेशींना कणांतल्या औषधाने आवरलं, तर ‘शमवणे’ चपखल. पत्रक कोणत्या पेशींबद्दल आहे?

परळकर : मोनोसाइटबद्दल.

सायनकर : मग ‘वळवणे’च. ‘अब्जांश’ टाळा. काटेकोर व्याख्येत नॅनो म्हणजे १ ते १०० नॅनोमीटर, हे कण त्याहून मोठे. २०१४च्या मूळ शोधनिबंधात या कणांना मायक्रोकणच म्हटलंय, मेंदूच्या इजेवरच्या २०२०च्या निबंधात ते नॅनोकण झाले. ‘नॅनोकण’ लिहा, शेजारी आकडा द्या. ‘ऋणभार’ गाळू नका, भार नसलेल्या कणांनी तो परिणाम मिळाला नव्हता.

कण शरीरात ‘विरघळतात’ असं लिहिलं तर चालेल. शास्त्रीयदृष्ट्या पीएलजीए पाण्याने तुटून लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होतं, पण विरघळणारे टाके सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यातही हा पदार्थ वापरतात.

‘गुठळी’ मात्र कुठेही नको. गोठवून सुकवताना सुक्रोजसारखी साखर किंवा मॅनिटॉल नसेल, तर कण एकमेकांना चिकटतात. असे चिकटलेले कण शिरेतून गेले तर फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकतात. त्याला ‘पुंजके’ म्हणा. ‘गुठळी’ म्हटलं की रक्ताचीच वाटते.

परळकर : ‘हे नॅनोकण सूज वाढवणाऱ्या पेशींना मेंदूऐवजी प्लीहेकडे वळवतात.’ असं?

गिरगावकर : छान. पण ‘उंदरांवरील प्रयोगांत’ हे शब्द वाक्याच्या सुरुवातीलाच घ्या. शेवटी टाकले, तर आयसीयूबाहेर बसलेलं माणूस तिथवर वाचणार नाही आणि डॉक्टरांकडे हेच इंजेक्शन मागेल.