घरगुती गो-कार्ट: आधी अ‍ॅकरमन की आधी कास्टर?

धागाकर्ता:
लोखंडी पाइपांची चौकट, स्कूटरचे जुने इंजिन आणि मागच्या दोन्ही चाकांना जखडणारा एकसंध अ‍ॅक्सल अशी गो-कार्ट आम्ही घरीच उभी केली आहे. परंतु वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवूनही ती नाकासमोरच जाऊ पाहते. माझ्या मते दोष अ‍ॅकरमनचा, म्हणजे वळताना आतले पुढचे चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळवणाऱ्या रचनेचा आहे. किंगपिनांमधील (ज्या खिळ्यांभोवती पुढची चाके वळतात त्यांमधील) अंतर ८०० मिमी आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधील अंतर १०५० मिमी असल्याने आतले चाक ३० अंश वळले, तर बाहेरचे सुमारे २२ अंशच वळायला हवे. आमची दोन्ही चाके जवळजवळ सारखीच वळतात. म्हणून पुढच्या अ‍ॅक्सलच्या मागे असलेले स्टिअरिंग आर्म (चाके वळवणारे दांडे) कापून, त्यांची रेषा मागील अ‍ॅक्सलच्या मध्याकडे जाईल अशा रीतीने सुमारे २१ अंश आत वळवून पुन्हा वेल्ड करावेत, असा विचार आहे.

पहिला प्रतिसाद:
आपला हिशेब बरोबर आहे, निदान मात्र मला पटत नाही. अ‍ॅकरमनची रचना १८१८ साली घोडागाड्यांसाठी पेटंट झाली आणि त्या गाड्यांची मागची चाके स्वतंत्र फिरत असत. आपल्या कार्टला डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नाही, त्यामुळे वळताना मागची दोन्ही चाके सारख्याच वेगाने फिरतात आणि गाडीला सरळ रेटतात. त्यावर उपाय आतले मागचे चाक क्षणभर उचलले जाण्याचा, आणि ते काम किंगपिनला मागे झुकवणारा कोन, म्हणजे कास्टर, करतो: स्टिअरिंग फिरवताच आतले पुढचे चाक खाली दाबले जाते, बाहेरचे वर सरकते आणि आतल्या मागच्या चाकावरचा भार उतरतो. कास्टर १२ ते १५ अंशांपर्यंत न्यावा. आर्मला तूर्त हात लावू नये.

दुसरा प्रतिसाद:
हा सल्ला कारखान्यात घडलेल्या चौकटीला लागू पडेल, घरगुती चौकटीला पडेलच असे नाही. चौकट पिळदार असेल, तर कास्टरने दिलेला उठाव पाइपांच्या पिळातच जिरतो, चाक जमिनीवरच राहते आणि चालवणाऱ्याचे दंड तेवढे भरून येतात. त्यापेक्षा एकाच मागच्या चाकाला चाल देऊन दुसरे बेअरिंगवर मोकळे सोडावे. गाडी वेग घेताना थोडी एका बाजूला ओढेल आणि अ‍ॅक्सलवरचा ब्रेकही त्याच एका चाकाला लागेल, म्हणून दोन्ही चाकांना वेगळे ब्रेक द्यावे लागतील. तरीही ग्राइंडरने आर्म कापण्यापेक्षा हे सोपे आहे. (पुढे टो-आउट, म्हणजे चाकांची पुढची टोके बाहेर वळलेली, दोन-तीन मिमी ठेवलेत ना? अनेक जण तेही न मोजता कोनांवर वाद घालतात.)

पहिला प्रतिसाद देणारे:
मोकळ्या चाकाने रोग जातो हे मान्य, पण वळणातून बाहेर पडताना चालीचे चाक आतल्या बाजूला आले, तर ते जागीच घसरते. चौकट पिळते की नाही, हे तर्काने ठरवण्याची गरज नाही. नेहमीचा चालक आसनावर बसवून, आतल्या मागच्या चाकाखाली आधीच कागद ठेवून स्टिअरिंग पूर्ण फिरवावे. कागद सहज ओढता आला, तर कास्टर पुरेसा आहे.

धागाकर्ता:
आताच पाहिले. कागद फाटला, पण निघाला नाही. कास्टरही मोजला, तो जेमतेम चार अंश आहे. तेव्हा आर्म तूर्त राहू देत. आधी किंगपिनचे ब्रॅकेट कापतो.