मदत हवी आहे : १:७२ यू-५५२, ऑक्टोबर १९४१. बाजूच्या फटी कशा धरू?

नमस्कार मंडळी,

जर्मन सातव्या सी प्रकारच्या पाणबुडीचं १:७२ किट जोडतोय. खरी बोट ६७.१० मीटर, म्हणजे मॉडेल ९३ सेंटिमीटर. एवढ्या आकारात चूक लपत नाही. मला यू-५५२ हवी आहे, तीही ३१ ऑक्टोबर १९४१ला होती तशी. त्या दिवशी तिचा कमांडर एरिख टॉप याने ‘रूबेन जेम्स’ ही अमेरिकी विनाशिका बुडवली, अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. किमान शंभर माणसं गेली. म्हणून ‘साधारण अशीच दिसायची’ यावर भागवायचं नाही.

किटमध्ये डेकल्स (चिकटवायची चिन्हं-आकडे) तीन बोटींची, सांगाडा मात्र एकच! यू-५५२ हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉस गोदीची, तर डेकल्समधली यू-६९ कीलच्या गेर्मानियावेर्फ्टची. दोन्हीकडे बाजूच्या फटींची मांडणी वेगळी होती. बुडी मारताना बाहेरच्या पत्र्याआडच्या पोकळीत पाणी याच फटींतून शिरतं, तेव्हा ती नुसती नक्षी नव्हे.

मी जर्मनीत लाबोला जपून ठेवलेल्या यू-९९५चे फोटो समोर घेऊन डावी बाजू कोरली. गोदी तीच, म्हणून निर्धास्त होतो. नंतर डोक्यात प्रकाश पडला : ती सी/४१ प्रकारची, म्हणजे सातव्या सीचा नंतरचा उपप्रकार, सप्टेंबर १९४३ची. पुढे नॉर्वेच्या नौदलात ‘काउरा’ नावाने राहिली, मग प्रदर्शनासाठी तिची डागडुजी झाली. लांबी १३ सेंटिमीटर जास्त आहे, ते या स्केलला दोन मिलिमीटरही भरत नाही, सोडून देईन. पण फटींचं काय? कोरलेलं पुटीने बुजवून पुन्हा करायची तयारी आहे, फक्त एकदाच करायचंय.

टॉवर (डेकवरचा कमांडरचा मनोरा) बदललाय : मागे एकच छोटा गोल प्लॅटफॉर्म, त्यावर एकेरी २० मिमी तोफ, आणि पुढे डेकवर ८८ मिमी. डेक लाकडी असला तरी काळपटच रंगवणार. पिवळसर फळ्या मॉडेलवर छान दिसतात, पण खऱ्या बोटीवर तशा नव्हत्या.

१९४१च्या ब्लोम उंड फॉस बोटींचे, तारखेची खात्री असलेले, बाजूने घेतलेले फोटो कुणी पाहिलेत का? ड्रायडॉकमधले असतील तर फारच बरं. आणि जाळी कापायची नाकावरची करवत तोवर यू-५५२वर उरली होती का?

प्रतिसाद :
डावी बाजू इतक्यात बुजवू नका. आधी फोटोंच्या तारखा लावून घ्या. टॉवरमागे खाली दुसरा प्लॅटफॉर्म दिसला तर तो फोटो तुमच्या कामाचा नाही, ती नंतरची भर. टॉप स्वतः टॉवरवर दिसत असेल तर फोटो सप्टेंबर १९४२च्या आधीचा, कारण नंतर कमांडर बदलला. यू-५५२वरचं लाल सैतानाचं चिन्ह एवढ्यावरून मात्र तारीख ठरवू नका. करवतीसाठी समोरून घेतलेला फोटो शोधा, बाजूच्या फोटोत ती दोरखंडांत हरवते.

धागाकर्ता :
धन्यवाद! कमांडरवरून तारीख लावायचं सुचलंच नव्हतं. पुटीची ट्यूब बंद करून ठेवली. आज रात्री सगळे फोटो पुन्हा चाळतो.