नफ्याभोवतीची तटबंदी: पेटंट, आकार की अडकलेला ग्राहक?

ताळेबंद:
एखाद्या धंद्यात भरपूर नफा दिसला की नवे लोक उतरतात, भाव पडतात आणि नफा भांडवलाच्या खर्चापर्यंत (पैसे गुंतवणाऱ्यांना लागणाऱ्या किमान परताव्यापर्यंत) खाली येतो. काही कंपन्यांचा मात्र वीस-वीस वर्षं टिकतो. माझ्या मते त्यामागे बहुतेक वेळा कंपनीचा आकार असतो. पेटंट आणि ब्रँड यांना जरा जास्तच श्रेय मिळतं.

हिशोब मांडतो. समजा, बाजारात वर्षाला १०० नग खपतात. विक्रीभाव १०, नगामागे बदलता खर्च ८, आणि संशोधन व सेवाजाळं यांचा स्थिर खर्च प्रत्येक कंपनीला ३०. साठ नग विकणाऱ्याला ९० उरतात. पंधरा नगवाल्याला शून्य! मोठ्या विक्रेत्याने भाव ९ केला तर त्याचे ३० तरी उरतात, छोटा १५च्या तोट्यात जातो. हे आकडे माहीत असलेला माणूस त्या बाजारात उतरतच नाही.

कलम_तीन:
मग औषधांचं काय? ह्युमिरा या संधिवातावरच्या औषधाचं मूळ पेटंट अमेरिकेत २०१६ साली संपलं. युरोपात स्पर्धक औषधं ऑक्टोबर २०१८ मध्ये आली, अमेरिकेत थेट जानेवारी २०२३ मध्ये. मधली वर्षं आकाराने मिळवून दिली नाहीत. मिश्रण, मात्रा, उत्पादनपद्धत अशा गोष्टींवर कंपनीने शंभराहून जास्त पेटंटं घेऊन ठेवली होती. ती एकेक करून कोर्टात मोडण्यापेक्षा तडजोड करून ठरलेल्या तारखेला बाजारात येणं स्पर्धकांना परवडलं. २०२२ मध्ये या एका औषधाची जगभरातली विक्री २१ अब्ज डॉलरच्या वर होती.

ताळेबंद:
औषधात एक रेणू म्हणजे एक उत्पादन, म्हणून तिथे पेटंट चालतं. मोबाइलमध्ये हजारो पेटंटं गुंतलेली असतात. प्रत्येकाला दुसऱ्याचं काहीतरी लागतं, म्हणून शेवटी परस्पर परवाने देऊन मोकळे होतात. शिवाय पेटंट सरकार देतं तसं सैलही करतं. १९७५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (बाजारातली स्पर्धा राखणाऱ्या सरकारी संस्थेने) झेरॉक्सला तिची पेटंटं इतरांना परवान्यावर द्यायला लावली. त्यानंतर लहान कॉपियरच्या बाजारात जपानी कंपन्या जोरात घुसल्या.

उलटतपासणी:
ताळेबंद, तुमच्या हिशोबातली कच्ची जागा तुम्ही सांगितली नाहीत. बाजार दसपट झाला आणि स्थिर खर्च ३०च राहिला, तर १५ टक्के हिस्सेवाल्याचे १५० नग होतात आणि त्याला २७० उरतात. म्हणजे वाढता बाजारच आकाराची तटबंदी पाडतो. आकार खरा वाचवतो तो लहान, संथ बाजारात, जिथे दुसऱ्या कंपनीपुरती जागाच नसते.

ताळेबंद:
मान्य. म्हणूनच मोठे खेळाडू स्थिर खर्च मुद्दाम वाढवत नेतात. चिप बनवण्याची प्रत्येक नवी पिढी आधीपेक्षा महाग आहे. बाजार वाढला तरी त्या शर्यतीतून कंपन्या गळतच गेल्या. अतिनील लिथोग्राफीच्या (प्रकाशाने चिपवर नक्षी उमटवण्याच्या तंत्राच्या) सर्वांत पुढच्या, म्हणजे ईयूव्ही यंत्रांसाठी जगात एएसएमएल ही एकच कंपनी उरली आहे.

जुनी_नोंदवही:
ग्राहकाला बदलण्याचा खर्च किती, हे कुणीच बोललं नाही. कंपनीची हिशोबप्रणाली बदलायची तर जुन्या नोंदी साफ करा, सुरुवातीच्या शिलका जुळवा, दोन-तीन महिने दोन्ही प्रणाल्या समांतर चालवा, बँक आणि करविवरणांच्या जोडण्या नव्याने करा. बिघडतं ते बहुधा नोंदी हलवतानाच: एकच पुरवठादार तीन नावांनी निघतो आणि जुने अहवाल कोणत्या सूत्राने निघत होते ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं. नवं सॉफ्टवेअर वीस टक्के स्वस्त असलं तरी एवढ्या उपद्व्यापात कुणी पडत नाही.

उलटतपासणी:
ही तटबंदी जुन्या ग्राहकापुरतीच. नवा ग्राहक मोकळा असतो आणि तो स्पर्धकाकडे जातो. नफा तसाच दिसतो, पण पाया झिजत असतो. शिवाय कायदा मागे लागतोच. युरोपच्या डेटा कायद्यानुसार क्लाउड (इंटरनेटवरून भाड्याने घेतलेली संगणकसेवा) बदलण्याचं शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून बंद. गूगलने जानेवारी २०२४ मध्ये आणि अमेझॉनने मार्चमध्ये सेवा सोडून जाणाऱ्यांचं डेटा बाहेर नेण्याचं शुल्क आधीच काढलं.

जुनी_नोंदवही:
शुल्क गेल्याने फार काही सुटत नाही. खरी गाठ त्या कंपनीच्याच खास डेटाबेस सेवांवर लिहिलेल्या कोडची आणि त्यात तयार झालेल्या माणसांची असते. ती कायद्याने कशी सोडवणार?

भावमोजणी:
तटबंदी आहे का, हे भाव वाढवून कळतं. नगामागे योगदान (विक्रीभावातून बदलता खर्च वजा जाता उरतं ते) भावाच्या ४० टक्के असेल आणि भाव ५ टक्के वाढवला, तर विक्री ११ टक्क्यांपर्यंत घटली तरी एकूण योगदान कमी होत नाही (५ भागिले ४५). मात्र तीन महिन्यांच्या आकड्यांवर निकाल देऊ नका. वार्षिक करारवाले नूतनीकरणाच्या वेळीच जातात, म्हणून पूर्ण वर्ष मोजा, आणि नवे ग्राहक वेगळे मोजा.

आणि उलटही करता येतं. कॉस्टको ही सभासदांना माल विकणारी अमेरिकी दुकानसाखळी खरेदी किमतीवर चढवायची रक्कम साधारण १४ टक्क्यांवर रोखते, स्वतःच्या ब्रँडवर १५. नफ्याचा मोठा भाग सभासद शुल्कातून येतो. त्याहून कमी भावाने स्पर्धकाला घुसायला जागाच ठेवलेली नाही.

कलम_तीन:
भाव कमी ठेवणं कुणालाही जमेल. पण तेवढ्या भावात खर्च भागवायला विकणारा आधीपासून मोठा असावा लागतो, म्हणजे आपण ताळेबंद यांच्याच मुद्द्यावर आलो. माझा आक्षेप औषधांपुरता कायम आहे: तिथे साठ टक्के हिस्सा हातात असला तरी पेटंट संपून चार-पाच जेनेरिक आले की भाव कोसळतो.